ओपनटीटीडीचा डेडिकेटेड सर्व्हर: एक जीबी रॅमवर कल्याण ते इगतपुरी

घरच्या माणसांसाठी किंवा मित्रमंडळींसाठी लिनक्सवर स्वतःचा गेम सर्व्हर उभा करायचा असेल तर काय घ्यावं, असं कुणी विचारलं की मी हल्ली बिनदिक्कत ओपनटीटीडीचं नाव सांगते. माझा दिवसाचा धंदाच लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचा आहे. माइनक्राफ्टचे आणि काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर मी इतरांसाठी उभे करून दिले आहेत. पण स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरासाठी, महिनोन्‌महिने चालू ठेवलेला असा हा एकच. आमच्या या सर्व्हरवर कल्याणहून मी आणि बाबा, पुण्याहून दादा आणि त्याची मुलगी, आणि नेदरलँड्सहून माझी मामेबहीण असे पाचजण खेळतो. बाबा रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यातून निवृत्त झालेत, नोकरीची बरीच वर्षं त्यांनी कसारा-इगतपुरी भागात काढली. त्यामुळे या परीक्षणात सर्व्हरइतकंच सिग्नलबद्दलही येणार आहे. हा गेम मुळात गाड्या चालवण्याचाच आहे, तेव्हा ते जागचंच आहे.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1994 साली मायक्रोप्रोजने ख्रिस सॉयर यांचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ काढला, पुढच्या वर्षी त्याची ‘डिलक्स’ आवृत्ती आली. नकाशा, गावं, खाणी, कारखाने. तुम्ही रूळ टाकायचे, स्टेशनं बांधायची, गाड्या सोडायच्या, पैसे कमवायचे. 2004 मध्ये लुडविग स्ट्रिगेयुस या स्वीडिश प्रोग्रामरने तो गेम उलगडून नव्याने लिहून काढला आणि ओपनटीटीडी जन्माला आला. हेच गृहस्थ पुढे म्यूटोरेंट आणि स्पॉटिफायमुळे ओळखले गेले. 2010 मध्ये 1.0 आवृत्ती आली तोपर्यंत ‘ओपनजीएफएक्स’ हा मुक्त चित्रसंच तयार झाला होता, त्यामुळे जुन्या सीडीची गरज संपली. आज सगळं जीपीएल या मुक्त परवान्याखाली फुकट आहे. खेळणाऱ्याला खातं काढावं लागत नाही, विकत काही घ्यावं लागत नाही. दादाच्या मुलीला गेम द्यायला मला कुणाचा कार्ड नंबर मागावा लागला नाही. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत माणशी एक विकतचं खातं लागतं, ते मनात ठेवा आणि पाच माणसांचा हिशोब करून पाहा.

आता बसवण्याबद्दल. डेबियन या लिनक्सवर ‘ॲप्ट’ या प्रोग्राम बसवणाऱ्या आज्ञेने ओपनटीटीडी एका ओळीत येतं, पण तसं करू नका, निदान सर्व्हरसाठी नाही. सर्व्हरची आणि खेळणाऱ्याची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते. 13 आणि 14 मधला फरक तर सोडाच, मधला टिंबानंतरचा आकडा वेगळा असला तरी आत घेत नाहीत. डेबियन 12 च्या भांडारात 13 मालिकेतली आवृत्ती आहे. दादाने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेली मात्र 14.1 होती, आणि स्टीम आपणहून गेम पुढे नेत राहतं. म्हणून मी प्रकल्पाच्या साइटवरून ‘लिनक्स जेनेरिक’ नावाची टारबॉल, म्हणजे फायलींचं गाठोडं, उतरवून घेतली. ती उलगडली, ‘ओटीटीडी’ नावाचा वेगळा युजर काढला आणि त्याच्या होम फोल्डरमध्ये सगळं ठेवलं. रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने, गेम सर्व्हर चालवण्याचं कारण जगात नाही.

एक गोष्ट इथे नवख्याला अडवते. सर्व्हरला पडदा नाही, ग्राफिक्स कार्ड नाही, तरी तो ‘ओपनजीएफएक्स’शिवाय उठत नाही. चित्रसंच सापडला नाही म्हणून तक्रार करतो. ते पॅकेज उतरवून ‘बेससेट’ फोल्डरमध्ये ठेवायचं. आवाजाचा आणि संगीताचा संच मात्र लागत नाही. मग डॅश आणि कॅपिटल डी देऊन प्रोग्राम सुरू केला की काळ्या पडद्यावर कन्सोल येतं, तिथेच आज्ञा टाइप करता येतात. पहिल्यांदा ‘टीमक्स’मध्ये चालवा, म्हणजे एसएसएच (दुरून मशीनवर जाण्याची जोडणी) तुटलं तरी गेम चालू राहतो आणि परत येऊन कन्सोल बघता येतं. सगळं मनासारखं चालायला लागलं की मग सिस्टमडीची, म्हणजे प्रोग्राम आपोआप सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची, सर्व्हिस लिहा.

सेटिंग तीन फायलींत वाटलेली आहे आणि ही विभागणी मला फार आवडली. मुख्य फाइलमध्ये खेळाचे नियम, ‘प्रायव्हेट’ नावाच्या फाइलमध्ये सर्व्हरचं नाव वगैरे खासगी गोष्टी, आणि ‘सीक्रेट्स’ नावाच्या फाइलमध्ये पासवर्ड. 12.0 पासून हे असं झालं. पूर्वी सगळं एकाच फाइलमध्ये असायचं आणि मदत मागताना ती फाइल जशीच्या तशी कुणाला पाठवली की पासवर्डही जायचा. आता मुख्य फाइल मी निर्धास्तपणे गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवते. सर्व्हर बंद असतानाच या फायलींना हात लावा. चालू असताना केलेले बदल तो बंद होताना स्वतःच्या आठवणीतल्या सेटिंगने पुसून टाकतो.

12.0 मध्येच आलेली दुसरी गोष्ट म्हणजे निमंत्रण कोड, आणि हे परीक्षण लिहायला बसण्याचं अर्धं कारण तेच आहे. आपल्याकडे घरगुती इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी सीजी-नॅट असतं. म्हणजे तुमच्या राउटरला खरा पब्लिक पत्ता मिळतच नाही, अनेक घरं मिळून एक पत्ता वापरतात. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरची जोडणी आतल्या मशीनकडे वळवली, तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही. घरी सर्व्हर ठेवू पाहणारे बहुतेकजण इथेच हात टेकतात. ओपनटीटीडीमध्ये सर्व्हरचा प्रकार ‘इन्व्हाइट ओन्ली’ ठेवला की सुरू होताना कन्सोलवर अधिक चिन्हाने सुरू होणारा एक छोटा कोड छापला जातो. तो कोड घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. खेळणारा मल्टिप्लेअरच्या खिडकीत सर्व्हर जोडताना पत्त्याच्या जागी तो कोड टाकतो. मागे प्रकल्पाचा समन्वयक सर्व्हर आधी थेट जोडणी करून बघतो, जमली नाही तर स्टन या पद्धतीने दोन्हीकडच्या नॅटमधून (पत्ता वाटून घेणाऱ्या व्यवस्थेतून) वाट काढायचा प्रयत्न करतो, आणि तेही नाही जमलं तर टर्न रिलेमधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे, पाठवतो. कोड दर वेळी बदलत नाही, कारण त्याची किल्ली ‘सीक्रेट्स’ फाइलमध्ये जपून ठेवलेली असते.

सुरुवातीला आमचा सर्व्हर घरच्या जुन्या लॅपटॉपवर होता, सीजी-नॅटच्या मागे, राउटरला हातही न लावता. मामेबहीण नेदरलँड्सहून आली, दादा पुण्याहून आला, एकाच संध्याकाळी. फुकटच्या प्रकल्पाने स्वतःच्या खर्चाने ही सोय चालू ठेवली आहे, याबद्दल माझ्या मनात खरोखर आदर आहे. हे काम पैसे घेणाऱ्या कितीतरी गेम कंपन्या करत नाहीत.

लॅपटॉपवरून हलायचं कारण लाइट. आमच्या भागात पावसाळ्यात लाइट जाते; लॅपटॉपची बॅटरी तग धरते, पण राउटर बंद पडतो. म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमधलं सगळ्यात स्वस्त व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलं: एक कोअर, एक जीबी रॅम, महिन्याला साडेचारशेच्या आसपास. आधी ज्यांच्याकडे घेतलं होतं त्यांनी तोच एक कोअर फार जणांत वाटलेला असावा, रात्री नऊनंतर गाड्या रुळांवर अडखळत चालायच्या. तक्रारीला उत्तर म्हणून मोठा प्लॅन घ्या एवढंच आलं. दुसरीकडे त्याच किमतीत नीट मिळालं. व्हीपीएस घेताना रॅमपेक्षा एका कोअरचा वेग आणि तो खरोखर तुमच्या वाट्याला येतो का, हे बघा. या गेमचा मुख्य गाडा एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालतो. आठ कोअर दिले तरी गाड्या लवकर धावत नाहीत. फायरवॉलमध्ये 3979 पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हीसाठी उघडा. 3977 हा ॲडमिन पोर्ट आहे, तो बाहेरच्यांना बंदच ठेवा.

एवढ्याशा मशीनवर हे कसं चालतं, त्याचं उत्तर गेमच्या रचनेत आहे. सर्व्हर कुणालाही गाड्या कुठे आहेत ते पाठवत नाही. प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण गेम स्वतंत्रपणे चालतो, तंतोतंत सारखा. सर्व्हर फक्त ‘अमक्या क्षणी अमक्याने इथे रूळ टाकला’ एवढं सांगतो, आणि अधूनमधून सगळ्यांचे आकडे जुळतात का ते तपासतो. हजार गाड्या धावत असल्या तरी तारेवरून जाणारा मजकूर जवळजवळ तेवढाच. दादा कधीकधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून खेळतो आणि डेटा संपल्याची कुरकुर अजून आलेली नाही. उलट बाजू अशी की आकडे कुणाचे जुळले नाहीत तर तो खेळाडू ‘डीसिंक’ होऊन बाहेर फेकला जातो. म्हणूनच आवृत्तीचा एवढा कडक आग्रह. बदल केलेली जेजीआर पॅचपॅक नावाची आवृत्ती लोकप्रिय आहे आणि चांगलीही आहे, पण तिचा खेळाडू साध्या सर्व्हरवर येऊ शकत नाही. अँड्रॉइडवरचं ॲप अधिकृत नाही आणि त्याची आवृत्ती जुळेलच असं नाही. भाचीला टॅबवर खेळायचं होतं, तिला शेवटी दादाच्या लॅपटॉपवर बसवावं लागलं.

याच रचनेमुळे एक त्रास मात्र रोजचा आहे. नवीन माणूस आत येताना त्याला पूर्ण नकाशा उतरवून घ्यावा लागतो, आणि तो उतरेपर्यंत खेळ सगळ्यांसाठी थांबतो. मुळात ही सोय आहे: थांबला नाही तर येणाऱ्याचा संगणक मागे पडतो आणि त्याला धावत बाकीच्यांना गाठावं लागतं. पण एखाद्याचं नेट रडकं असलं की चौघेजण थांबलेल्या गाड्यांकडे बघत बसतात. ‘पॉझ ऑन जॉइन’ बंद करता येतं. आम्ही ते चालूच ठेवलं आणि उतरवण्यासाठी व जोडणीसाठी दिलेल्या वेळेच्या दोन्ही मर्यादा वाढवल्या, कारण मूळ मर्यादेत मामेबहिणीचं ट्रेनमधलं वायफाय बसत नव्हतं. नकाशा 512 बाय 512 चा ठेवला तर हे थांबणं सुसह्य होतं. 4096 बाय 4096 पर्यंत जाता येतं, घरच्या सर्व्हरसाठी तो मोह टाळा.

आणखी एक सेटिंग अशी की जिच्याशिवाय घरगुती सर्व्हरला अर्थ नाही: ‘मिन ॲक्टिव्ह क्लायंट्स’. मूळ किंमत शून्य असते, म्हणजे कुणी नसतानाही खेळ चालूच. या गेममध्ये एक वर्ष साधारण बारा मिनिटांत सरतं. रात्री तुम्ही झोपलात की सकाळपर्यंत चाळीसेक वर्षं उलटलेली असतात, इंजिनं म्हातारी होऊन जागोजागी बंद पडलेली असतात. ती किंमत एक करा. शेवटचा माणूस गेला की घड्याळ थांबतं, पहिला आला की सुरू होतं. 14 मध्ये कॅलेंडर आणि गाड्यांचा काळ वेगळा करण्याची सोयही आली आहे, वर्ष किती मिनिटांचं असावं ते ठरवता येतं. आमच्याकडे वाफेचा काळ रेंगाळावा अशी बाबांची इच्छा होती, म्हणून आम्ही वर्ष बरंच लांबवलं.

आता नकाशा. गेम आपणहून नकाशा बनवतो, पण उंचीचा करड्या रंगातला पीएनजी दिला तर त्यावरून डोंगर उभे करतो. नासाच्या एसआरटीएम मोहिमेची उंचीची माहिती सगळ्यांना खुली आहे. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये घेऊन मी ठाणे, पुणे आणि नाशिक कवेत येईल असा चौकोन कापला. खाडी, कल्याणचा सपाट पट्टा, मग एकदम उभी राहिलेली सह्याद्रीची भिंत, वर दख्खनचं पठार, आणि इगतपुरीच्या बाजूला 1646 मीटरचं कळसूबाई. सिनॅरिओ एडिटरमध्ये गावं हाताने ठेवली आणि नावं देवनागरीत दिली: कल्याण, कर्जत, कसारा, इगतपुरी, खंडाळा, लोणावळा. जोडाक्षरं नीट दिसतात, तिन्ही ऑपरेटिंग सिस्टमवर पाहिलं. नावं इथेच पक्की करून घ्या, कारण नंतर गावाचं नाव बदलण्याचा हक्क खेळाडूला नसतो, तो सर्व्हरकडे असतो. गेमचे मेनू मात्र इंग्रजीत ठेवावे लागले. प्रकल्पात मराठी भाषांतर आहे, पण ते अपूर्ण भाषांच्या फोल्डरमध्ये पडून आहे. बाबांना इंग्रजी मेनूचं काही वाटलं नाही. सिग्नल खात्याचे सगळे नकाशे त्यांनी जन्मभर इंग्रजीतच वाचले.

घाटांमुळे मला या गेमचं एक कौशल्य लक्षात आलं. प्रवेग ‘रिअलिस्टिक’ ठेवला की गाडीचं वजन आणि चढ यांचा खरा हिशोब होतो. चढाची तीव्रता टक्क्यांत ठरवता येते, मूळ किंमत तीन टक्के. भोर घाट आणि थळ घाट या दोन्हींचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे साधारण 2.7 टक्के. सेटिंगला हातही लावावा लागला नाही! कर्बी पॉल टँक नावाचं तीनशे अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आम्ही सात डबे जोडून कसाऱ्याहून वर सोडलं. सपाटीवर ताशी चौसष्ट किलोमीटरने आलेली गाडी तिसऱ्या चढावर दम टाकू लागली आणि पुढे जवळजवळ माणसाच्या चालीने सरकत राहिली. मागे दोन मालगाड्या आणि एक पॅसेंजर सिग्नलला उभ्या.

बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले, “अगं, बँकर कुठाय? कसाऱ्याला बँकर लावल्याशिवाय गाडी वर गेलेली मी बघितली नाही.”

खऱ्या घाटात कसाऱ्याला आणि कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं जोडतात, वर पोचल्यावर ती सुटतात. गेममध्ये चालत्या वाटेवर इंजिन जोडणं-सोडणं नाही, ही मोठी उणीव आहे. डेपोमध्येच गाडीच्या शेपटीला दुसरं इंजिन कायमचं जोडून आम्ही काम भागवलं. पैसे दुप्पट गेले, पण गाड्या चढल्या. भोर घाटाच्या बाजूला दादाने तर जुन्या काळचं रिव्हर्सिंग स्टेशनही बांधलं: गाडी टोकाला जाते, उलटी फिरते आणि पुढचा चढ चढते. त्याला त्यात एक अख्खी रविवार दुपार गेली, आणि मला तो या सर्व्हरवरचा सर्वांत देखणा बांधकामाचा तुकडा वाटतो.

सिग्नलबद्दल बाबांचं मत त्यांच्याच शब्दांत देते. या गेममध्ये साधे ब्लॉक सिग्नल आहेत आणि पाथ सिग्नल आहेत. पाथ सिग्नलमध्ये गाडी पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंतची पूर्ण वाट आधी राखून घेते, तेव्हाच सिग्नल मिळतो. त्याच यार्डात दुसरी गाडी तिला न छेदणाऱ्या वाटेने एकाच वेळी जाऊ शकते. मी हे समजावून सांगायला लागले तर त्यांनी थांबवलं. “म्हणजे रूट लागल्याशिवाय सिग्नल पडत नाही. मग बरोबर केलंय यांनी. आमच्या केबिनमध्ये हेच लिव्हरने करायचो.” त्यानंतर कल्याणचं यार्ड त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. कर्जतकडची आणि कसाऱ्याकडची लाइन जिथे फुटते तिथे मी चार पॉइंट (रूळ बदलायच्या जागा) टाकले होते, त्यांनी ते उखडून दोन लूप (गाडी बाजूला घ्यायचे रूळ) जास्त घातले. तिथे आता गाड्या तुंबत नाहीत.

त्यांना अजिबात न पटलेली गोष्ट म्हणजे गाडीच्या खिडकीतलं ते बटण, ज्याने लाल सिग्नल असूनही गाडी पुढे रेटता येते. भाचीने एकदा घाईत इगतपुरीच्या तोंडाशी ते दाबलं. समोरून उतरणारी कोळशाची गाडी, धडक, दोन्ही गाड्या जळून नाहीशा, आणि पडद्यावर मृतांच्या आकड्याची बातमी. बाबा खरोखर गप्प झाले. मग त्यांनी तिला फोनवर लाल सिग्नल ओलांडणं म्हणजे काय असतं, घाटात कॅच सायडिंग (निसटलेली गाडी अडवणारा बाजूचा रूळ) कशासाठी बांधतात, हे सांगितलं. ती ऐकत होती. तेव्हापासून आमच्या सर्व्हरवर कन्सोलमधून स्वागताचा जो संदेश जातो त्यात त्या बटणाबद्दल एक ओळ आहे.

हा स्वागताचा संदेश ‘ऑन सर्व्हर कनेक्ट’ सारख्या छोट्या स्क्रिप्ट फायलींतून किंवा कन्सोलमधून हाताने देता येतो. कन्सोलच्या आज्ञा मोजक्या आणि सरळ आहेत: कोण आलंय ते बघा, खेळ थांबवा, जतन करा, कुणाला काढा. गेममध्ये बसूनच हे करायचं तर ‘आरकॉन’ पासवर्ड ठेवावा लागतो. 14 मध्ये तो तारेवरून उघडा जातो, म्हणून तो बँकेला, मेलला, कुठेही वापरलेला नसावा. मी आरकॉन वापरतच नाही, एसएसएचने टीमक्समध्ये जाते. 14 मध्ये कंपनीलाही पासवर्ड लावून ठेवा. नाहीतर आत आलेला कुणीही तुमच्या कंपनीत शिरून गाड्या विकू शकतो. आम्ही पाचही जण एकाच कंपनीत खेळतो, ही सोय फार थोड्या गेममध्ये इतकी सहज आहे. दोघांनी एकाच घाटात एकाच वेळी रूळ टाकले तरी काही बिघडत नाही.

प्रवाशांचं वाटप खरं वाटावं म्हणून आम्ही ‘कार्गोडिस्ट’ चालू केलं. म्हणजे ठाण्याचा प्रवासी मिळेल त्या गाडीत न शिरता ठरलेल्या गावालाच जातो आणि तिथून परतही येतो. त्याची गणितं वेगळ्या थ्रेडवर होतात. पण एकच कोअर असलेल्या मशीनवर ती वेळेत पुरी झाली नाहीत तर खेळ क्षणभर थांबतो आणि लिंक ग्राफची (स्टेशनांमधल्या जोडण्यांच्या हिशोबाची) वाट बघतोय असं लिहून येतं. पुनर्गणनेला दिलेला वेळ वाढवला आणि हे थांबलं. माहिती नसेल तर नेटला दोष द्याल, म्हणून सांगून ठेवते.

दस्तऐवजांची बाजू मध्यम आहे. गेम कसा खेळायचा याची विकी उत्तम. सर्व्हर चालवणाऱ्यासाठीचं लिखाण मात्र तुटक आहे. शोधात वर येणारे बरेच लेख 12.0 च्या आधीचे असतात. त्यांत पासवर्ड अजून मुख्य फाइलमध्येच ठेवायला सांगितलेला सापडतो. टारबॉलसोबत येणाऱ्या मजकूर फायली वाचा, त्या त्याच आवृत्तीच्या असतात.

शेवटी जतन करण्याबद्दल, कारण महिन्यांचं बांधकाम यावर अवलंबून आहे. गेम ठरावीक मिनिटांनी आपोआप जतन करतो आणि मुळात सोळा फायली आलटून-पालटून वापरतो. त्याशिवाय ‘ऑटोसेव्ह ऑन एक्झिट’ चालू करा. मग सिस्टमडीने सर्व्हिस थांबवली, किंवा व्हीपीएसवाल्यांनी मशीन रीतसर रीस्टार्ट केलं, तर बंद होण्याआधी ‘एक्झिट’ नावाची फाइल लिहिली जाते. सर्व्हिसच्या सुरुवातीच्या आज्ञेत डॅश जी देऊन त्याच फाइलचा पूर्ण मार्ग लिहून ठेवला की सर्व्हर उठताना जिथे थांबला होता तिथूनच सुरू होतो. मी रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी काम करणाऱ्या साधनाने) ऑटोसेव्हचा फोल्डर घरच्या लॅपटॉपवर आरसिंक या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने ओढून घेते, दोन-तीन एमबीचा मामला आहे. नव्या आवृत्तीत जुना खेळ उघडतो, जुन्या आवृत्तीत नवा उघडत नाही. म्हणून आवृत्ती बदलण्याआधी त्या दिवशीची फाइल वेगळ्या नावाने बाजूला काढायची, नवी टारबॉल वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडायची, आणि पाचही जणांनी आपापला गेम पुढे नेला आहे हे ग्रुपवर विचारून मगच सर्व्हिस नव्या फोल्डरकडे वळवायची. दादा स्टीमवर असल्यामुळे त्याचा गेम बहुधा सगळ्यांच्या आधीच पुढे गेलेला असतो. सर्व्हर बदलायची वेळ झाली हे आम्हाला त्याच्याच फोनवरून कळतं.